पाकिटातली उघडी मूठ

राज्यातल्या सोनोग्राफी केंद्रांत काम करणाऱ्या सर्व डॉक्टरांना,



मी बार्शीला राहते. जवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर चौथीचा वर्ग घेते. हे पत्र कोणाची तक्रार करायला लिहीत नाही. ज्या डॉक्टरांनी माझी सोनोग्राफी केली त्यांचं काम चोख होतं, हे मला पुढे कळलं. पाहायचं ते सगळं त्यांनी पाहिलं, लिहायचं ते सगळं लिहिलं. तरीही त्या दिवसापासून सतरा दिवस आमच्या घरात कोणी नीट जेवलं नाही. काम चोख आणि तरी घरावर अशी अवकळा, हे कसं झालं ते तुम्हाला सांगायचं आहे. कारण यातलं बरंचसं टाळता आलं असतं, आणि ते टाळणं तुमच्याच हातात होतं.

पहिलंच बाळंतपण, वय एकतीस. एकोणीस आठवडे आणि चार दिवस झाले होते. मार्गशीर्ष चालू होता. पाचव्या महिन्यातली ती मोठी सोनोग्राफी, जिला तुम्ही अ‍ॅनॉमली स्कॅन म्हणता, तिच्यासाठी मी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा काढून गेले होते. पोटावर गार जेल पडलं. पडद्याकडे बघून मला काही कळणार नव्हतं, म्हणून मी डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होते. वीसेक मिनिटं ते बटणं दाबत होते आणि मागे संगणकावर बसलेल्या मुलीला इंग्रजीत आकडे सांगत होते. मग एके जागी हात थांबला. प्रोब तिथेच फिरवला, जरा दाबला, पुन्हा फिरवला. 'डाव्या कुशीवर वळा.' वळले. 'बाहेर जाऊन जरा चाला, काहीतरी गोड खाऊन या.' नवऱ्याने कोपऱ्यावरून पेढे आणले. दोन पेढे खाऊन मी अर्धा तास त्या बोळातून येरझाऱ्या घातल्या. परत आत गेले. बाळ होतं तसंच पालथं.

'बघू,' डॉक्टर म्हणाले. 'पुण्याला बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी करून घ्या. रिपोर्ट तुमच्या मॅडमना दाखवा.' आणि पुढच्या बाईचं नाव पुकारलं गेलं.

बाहेर टेबलावरून पाकीट मिळालं. आमच्या मॅडमकडे त्या दिवशी दोन बाळंतपणं होती. त्यांनी पाकीट उघडलं, रिपोर्टच्या तळच्या दोन ओळी वाचल्या, पुण्याच्या तज्ज्ञांचा नंबर दिला आणि म्हणाल्या, 'टेन्शन घेऊ नका.' पुण्याची वेळ मिळाली ती सतरा दिवसांनंतरची.

त्या तळच्या दोन ओळी मला आजही पाठ आहेत. एकीत लिहिलं होतं, बाळाच्या मेंदूत दोन्ही बाजूंना कोरॉइड प्लेक्सस सिस्ट. दुसरीत लिहिलं होतं, हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या 'सबऑप्टिमली व्हिज्युअलाइज्ड'. दोन्ही ओळी मोठ्या इंग्रजी अक्षरांत आणि ठळक.

मी शिकलेली बाई आहे. इंग्रजी वाचता येतं. घरी आल्यावर पहिल्या ओळीतला शब्द फोनवर टाकला आणि चार मिनिटांत ट्रायसोमी १८ पर्यंत पोचले. अठरावं गुणसूत्र दोनऐवजी तीन. अशी बरीचशी बाळं जन्माआधीच जातात, जन्मली तर फार दिवस राहत नाहीत. तेवढं वाचून फोन पालथा ठेवला आणि भाकरी थापायला बसले. तवा तापून धूर निघायला लागला तरी माझा हात परातीतच होता.

घरात सांगायचं कसं? 'सिस्ट' हा शब्द मराठीत आणला की त्याची 'गाठ' होते. आमच्या गावात कर्करोगाचं मोठं रुग्णालय आहे. लांबलांबून लोक उपचारांना येतात, त्यांचे नातेवाईक बाजारात, बसस्टँडवर भेटतात. बार्शीच्या माणसाला 'गाठ' म्हटलं की दुसरा कुठलाही अर्थ लागत नाही. सासूबाईंनी ऐकलं आणि त्या मटकन पायरीवर बसल्या. 'लेकराच्या मेंदूत गाठ?' एवढंच बोलल्या. संध्याकाळपर्यंत जाऊबाईंना कळलं, रात्री माझ्या आईचा फोन आला. आई पुढच्या आठवड्यात ओटी भरायला येणार होती. मी तिला म्हटलं, आत्ता नको येऊ.

तिसऱ्या दिवशी गुरुवारच्या हळदी-कुंकवाला शेजारच्या काकू आल्या. त्यांनी प्रेमाने, अगदी हलक्या आवाजात विचारलं, 'ग्रहणात काही चिरलं होतंस का गं?' मी वर्गात मुलांना सूर्य, चंद्र, पृथ्वी चेंडू घेऊन शिकवते. ग्रहण म्हणजे सावली, हे त्यांच्याकडून पाठ करून घेते. त्या रात्री मी कॅलेंडर काढून तारखा मोजल्या. ग्रहणाच्या दिवशी मी कोथिंबीर चिरली होती की नाही, हे आठवत पहाटेपर्यंत जागी होते. कोणी कारण सांगितलं नाही, की बाई कारण स्वतःत शोधते, हे मला त्या रात्री कळलं. काय खाल्लं, कुठे गेले, गाडीवर खड्ड्यातून बसले, सुरुवातीला तापाची गोळी घेतली. सगळं आयुष्य उलटसुलट करून बघते.

आणि याच दिवसांत एकदा, वर्गात फळ्यावर भागाकार लिहिताना, पोटात काहीतरी हललं. आधी वाटलं भास. मग पुन्हा. पहिल्यांदाच. याची मी महिनाभर वाट बघत होते, मैत्रिणींना विचारत होते की ते नेमकं कसं वाटतं. खडू हातात तसाच राहिला. आणि मला आनंद होऊ द्यावा की नाही, ते कळेना. जीव लावला आणि नंतर काही झालं तर? डॉक्टर, बाळाच्या पहिल्या हालचालीचा आनंद मानायचं मी टाळलं. तो दिवस आता मला परत मिळणार नाही. या सतरा दिवसांतलं बाकी सगळं मी विसरेन, हे नाही विसरणार.

नवऱ्याने चौथ्या दिवशी एक केलं. माझा फोन घेतला आणि शाळेची शंभरपानी वही दिली. म्हणाला, 'जे जे विचारावंसं वाटेल ते यात लिही. वाचायचं काही नाही, फक्त लिहायचं. पुण्याला हीच वही घेऊन जाऊ.' त्या वहीने मला खूप सांभाळलं. रात्री डोक्यात प्रश्न आला की उठून लिहायचे आणि मग झोप लागायची. अशीच वाट बघत असलेली एखादी बाई हे वाचत असेल तर तिला मी एवढंच सांगेन, की वही कर. आणि घरात दोघांनाच सांग, दहा जणांना नको. प्रत्येकाला धीर देता देता आपलाच संपतो.

अकराव्या दिवशी उपकेंद्रातल्या सिस्टर शाळेत जंताच्या गोळ्या वाटायला आल्या. माझा चेहरा बघून त्यांनी विचारलं. मी पर्समधून पाकीट काढून दिलं, तेव्हा ते मी रोज बरोबर बाळगत होते. त्यांनी सगळा कागद वाचला आणि म्हणाल्या, 'मॅडम, यातलं सगळं मला कळत नाही. पण संध्याकाळपर्यंत विचारून सांगते.' संध्याकाळी सातला खरोखर फोन आला. 'ही गाठ नव्हे. पाण्याचा बुडबुडा म्हणा. मेंदूत पाणी तयार करणारा एक भाग असतो, त्यात जरासं साचलंय. आपोआप जातं बहुतेकदा, असं आमच्या डॉक्टर म्हणाल्या. हृदयाचं मात्र पुण्यालाच कळेल.' अकरा दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी माहीत असलेलं आणि माहीत नसलेलं मला वेगवेगळं करून सांगितलं होतं. त्या रात्री सासूबाई दोन भाकरी जेवल्या.

सतराव्या दिवशी, बावीस आठवडे पूर्ण झाले तेव्हा, आम्ही कुर्डुवाडीहून पुण्याची गाडी धरली.

तिथल्या डॉक्टरांनी आधी सोनोग्राफी केलीच नाही. त्यांनी जुना रिपोर्ट मागितला आणि माझ्यासमोर पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. इंग्रजी वाचायच्या आणि मराठीत सांगायच्या. डोक्याचा घेर बरोबर. लहान मेंदू दिसतोय. ओठ दिसतोय, फाटलेला नाही. पाठीचा कणा पूर्ण. पोट, दोन्ही किडन्या, मूत्राशय. मांडीचं हाड वयाप्रमाणे. मग एका ओळीवर बोट ठेवून त्या थांबल्या. 'हे बघा. दोन्ही हात दिसले, मुठी उघडत होत्या. कोणी सांगितलं का तुम्हाला?'

कोणी सांगितलं नव्हतं.

त्यांनी सांगितलं ते असं. हे बुडबुडे शंभरात एक-दोन बाळांत या वयाला दिसतात आणि अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या आसपास बहुतेकदा विरून जातात. ते एकटेच असतील, बाकी सगळं नीट दिसत असेल आणि तिसऱ्या महिन्यातली रक्ताची डबल मार्कर चाचणी चांगली असेल, तर त्यांना फारसा अर्थ नसतो. ज्या आजाराची मला भीती होती त्या आजारात बाळाच्या मुठी सहसा घट्ट मिटलेल्या असतात, बोटं एकमेकांवर चढलेली असतात, आणि हृदयात, वाढीत बहुधा दुसरंही काही दिसतं. म्हणून डोक्यात असे बुडबुडे दिसले की चांगला सोनोलॉजिस्ट मुद्दाम हात बघतो. बार्शीच्या डॉक्टरांनीही मुद्दाम बघितले होते. पहिल्या वेळी प्रोब घेऊन ते इतका वेळ थांबले होते, ते मूठ उघडायची वाट बघत थांबले असणार. ती उघडली. त्यांनी नोंद केली. दुसऱ्या पानावर, बारीक अक्षरांत, किडन्यांच्या आणि मांडीच्या हाडाच्या मध्ये कुठेतरी. डबल मार्करचा चांगला निकाल तर माझ्याच फाइलमध्ये दोन महिन्यांपासून होता.

म्हणजे धीर देणारी बातमी सतरा दिवस माझ्या पर्समध्ये होती. मी ती घेऊन शाळेत जात होते, रात्री उशाशी ठेवून झोपत होते. आपल्याकडे म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची. माझ्या बाळाने मूठ उघडून दाखवली होती, तुमच्यातल्याच एकाने ती टिपली होती, आणि आम्ही ती पाकिटात झाकून ठेवली.

दुसऱ्या ओळीचंही असंच. पुण्याच्या मॅडम म्हणाल्या, 'सबऑप्टिमल म्हणजे नीट दिसलं नाही. एवढंच. वीस आठवड्यांच्या बाळाचं हृदय बोराएवढं. बाळ पाठ वर करून झोपलेलं असलं की कण्याची आणि बरगड्यांची सावली पडते, मागच्या रक्तवाहिन्या दिसत नाहीत. आईच्या पोटाची जाडी, पाणी कमी असणं, आधीच्या सिझेरियनचा व्रण, अशी किती कारणं असतात.' डॉक्टर, मराठीत 'नीट दिसलं नाही' आणि 'नीट नाही' यांत एका शब्दाचं अंतर आहे. तो एक शब्द कोणी मध्ये घातला नाही, म्हणून आम्ही सतरा दिवस 'हृदय नीट नाही' असं धरून बसलो. पहिल्या दोन दिवसांत नवऱ्याने लहान मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेला किती खर्च येतो, तेही विचारून ठेवलं होतं.

हे माझं झालं. माझं सगळं चांगलं निघालं म्हणून मी हे पत्र लिहीत असते, तर त्याला फार अर्थ नव्हता. पुण्याच्या त्या बाकावर माझ्या शेजारी एक बाई बसली होती. आमच्याच बाजूची, ऊसतोडीला जाणारी. तिच्या बाळाच्या डोक्यातली पाण्याची पोकळी रुंद दिसली होती. दहा मिलिमीटरच्या आत हवी, तिची त्याहून जास्त होती. एकोणिसाव्या आठवड्यात कोणीतरी तिला 'महिन्याने परत दाखवा' म्हणालं. महिना म्हणजे तिच्या हिशेबाने टोळी फडावरून जरा मोकळी होईल तेव्हा. उचल घेतलेली होती, कोयता सोडून येता येत नव्हतं. ती आली तेव्हा तेवीस आठवडे ओलांडले होते. चोवीस आठवड्यांना काय असतं, हे तिला बाकावर बसलेल्या दुसऱ्या एका बाईने सांगितलं.

तुम्हाला तो आकडा माझ्यापेक्षा चांगला माहीत आहे. १९७१ चा गर्भपाताचा कायदा २०२१ मध्ये बदलला. आता ठरावीक परिस्थितींत चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. त्यापुढे बाळात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाकडे जावं लागतं, आणि मंडळाने तीन दिवसांत निर्णय द्यायचा असतो. २००८ साली निकेता मेहता यांचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, तेव्हा मर्यादा वीस आठवड्यांची होती आणि न्यायालयाने परवानगी दिली नव्हती. त्या मानाने आज दार बरंच उघडं आहे. पण ते उघडं आहे हे माहीतच नसलेल्या बाईला त्याचा उपयोग काय? एखादी बाळ ठेवायचं ठरवेल, एखादी नाही ठरवणार. ते तिने आणि तिच्या घराने ठरवायचं. पण 'महिन्याने या' म्हणताना तुम्ही तिच्या त्या ठरवण्याच्या दिवसांतला एक महिना खर्च करत असता. तिला ते माहीत नसतं, तुम्हाला असतं. त्या बाईचं पुढे काय झालं मला माहीत नाही. ती माझ्या आधी आत गेली आणि बाहेर आली तेव्हा माझं नाव पुकारलं होतं.

तुमची बाजू मला कळत नाही असं नाही. एका दिवसात किती बायका तपासायच्या, त्याला धरबंध नसतो. त्यात पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणारा कायदा. असा कायदा देशात सगळ्यांत आधी महाराष्ट्रानेच १९८८ मध्ये केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला, आणि या राज्यात मुलींची संख्या किती खाली गेली होती ते पाहता तो कडक असायलाच हवा. मी शाळेत हजेरी घेते, मुली आणि मुलं मोजते. या कायद्यातलं एक अक्षरही सैल व्हावं असं मला वाटत नाही. सोनोग्राफीच्या नोंदीच्या एफ फॉर्ममधली चूक तुम्हाला किती महागात पडते, तेही मी ऐकून आहे. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही नोंदींतल्या चुका किरकोळ मानायला नकार दिला. त्यामुळे तपासणीच्या खोलीत तुम्ही कमी बोलता. पडदा वळवलेला, नवरा बाहेर, तोंडातून एखादा शब्द निसटला तर काय, ही धास्ती.

पण त्या कायद्याने फक्त एक गोष्ट बोलायला बंदी केली आहे, बाळ मुलगा की मुलगी. बाळातलं व्यंग शोधणं हे तर त्याच कायद्याने मान्य केलेलं कारण आहे. आणि त्याच कायद्याचं पाचवं कलम सांगतं की चाचणीआधी स्त्रीला नीट समजावून, तिला समजणाऱ्या भाषेत तिची लेखी संमती घ्यावी आणि त्या संमतीची प्रत तिला द्यावी. 'तिला समजणाऱ्या भाषेत.' कायदा लिहिणाऱ्यांना एवढं सुचलं होतं. तुमच्या दारावर लिंगनिदान केलं जात नाही, ही पाटी मराठीत असते. मी सही केलेला फॉर्म मराठीत होता. निकाल तेवढा इंग्रजीत आला.

मला खोटा दिलासा नको होता, कोणालाच नको असतो. 'काही होत नाही गं' म्हणायला सासूबाई आहेत, आई आहे, आणि त्यांनी ते म्हणावंच. तुमच्याकडून मला माहिती हवी होती. काय दिसलं, काय दिसलं नाही, का दिसलं नाही, आणि आता पुढे काय. पुण्याच्या मॅडमनीही मला सगळं ठीक आहे असं वचन दिलं नाही. सोनोग्राफीत शंभर टक्के काही नसतं, असं त्या आधीच म्हणाल्या. गर्भजलाची तपासणी कशी असते ते समजावलं: सुई घालावी लागते, गर्भपाताचा धोका असतो पण कमी, पेशी वाढवून पूर्ण अहवाल यायला दोन-तीन आठवडे लागतात. तुमच्या बाबतीत मला तिची गरज वाटत नाही, पण निर्णय तुमचा, असं म्हणाल्या. आम्ही नको म्हटलं. हे सगळं सांगायला त्यांना किती वेळ लागला? नवऱ्याने घड्याळ बघितलं होतं, नऊ मिनिटं. नऊ मिनिटं तुम्हाला परवडत नाहीत, हे मी मान्य करते. मी दोन मागते.

त्या दोन मिनिटांत एक चिठ्ठी लिहा. मला त्या दिवशी मिळायला हवी होती ती चिठ्ठी मी इथे लिहून दाखवते. 'आज बाळाचं डोकं, कणा, पोट, किडन्या, हात-पाय पाहिले, वयाप्रमाणे आहेत. हात उघडताना दिसले, ही चांगली खूण आहे. मेंदूत दोन लहान पाण्याचे बुडबुडे दिसले. असे बुडबुडे बहुधा आपोआप जातात. हृदयाच्या दोन रक्तवाहिन्या बाळ पालथं असल्यामुळे दिसल्या नाहीत. त्यांत दोष दिसला असं नाही. त्यासाठी बावीस आठवड्यांच्या आत पुन्हा तपासायचं, तारीख अमुक. तोवर पोटात दुखलं, अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं तर लगेच या. शंका आली तर दुपारी दोन ते तीन या नंबरवर फोन करा.' एवढंच. यातला एकही शब्द कायद्याला बाधणारा नाही, आणि उद्या कोणी कोर्टात नेलं तर तुमच्याच बाजूचा पुरावा आहे. जे सापडलं ते खरंच गंभीर असेल तर चिठ्ठी वेगळी होईल, लिहायला जड जाईल. पण ती तेव्हा जास्त लागते.

तारीख मात्र ती खोलीबाहेर पडायच्या आधी ठरवून द्या. पुढच्या तज्ज्ञाला तुम्ही फोन केला तर जी वेळ चार दिवसांनी मिळते, ती आम्ही केला तर सतरा दिवसांनी मिळते. हे मी उगाच म्हणत नाही. पुण्याला आमच्यासमोर असा एका डॉक्टरांचा फोन आला आणि त्यांच्या बाईला परवाची वेळ मिळाली. ज्या बाया सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या नऊ तारखेच्या गरोदर बायकांच्या शिबिराला येतात, त्यांच्या हातातल्या माता-बाल कार्डावरच ही तारीख घातली तर आशाताई तिची आठवण ठेवतील. एसटीचं तिकीट आता बायकांना निम्मं आहे, पण फडावरची दिवसाची मजुरी पूर्ण बुडते. तिला पुण्याला पाठवताना ती का जाते आहे हे तिला माहीत असलं, तर ती जाईल.

त्या दिवशी पुण्याच्या मॅडमनी सगळं तपासून झाल्यावर पडदा जरा माझ्याकडे वळवला. हृदयाच्या दोन्ही रक्तवाहिन्या एकमेकींना ओलांडून जाताना दिसल्या, तशाच असायला हव्यात म्हणे. मग प्रोब वर सरकवला आणि म्हणाल्या, 'थांबा, हात दाखवते.' राखाडी धुरळ्यात एक पांढरी मूठ दिसली. ती काही वेळ मिटलेलीच होती. आम्ही तिघंही गप्प बसून राहिलो. मग पाच रेघा सुट्या झाल्या, एकेक करून, आणि परत मिटल्या. मी त्या दिवशी पहिल्यांदा पडद्याकडे बघत होते.

अठ्ठाविसाव्या आठवड्यात ते बुडबुडे दिसले नाहीत. लेक आता नऊ महिन्यांची आहे आणि हे लिहिताना माझ्या पदराचं टोक तिच्या मुठीत आहे.

ते पाकीट मी टाकलेलं नाही. आतल्या फोटोंचा कागद उन्हाने पिवळा पडत चाललाय, बाळाच्या डोक्यावर मोजमापासाठी टाकलेली बारीक अधिकची चिन्हं अजून दिसतात. पाकिटाची पाठ पूर्ण कोरी आहे. तुमच्या केंद्राचं नाव पुढच्या बाजूला असतं, मागे काही नसतं. चार-पाच ओळी सहज मावतात.

उद्या सकाळी तुमच्याकडे कोणाचं तरी बाळ पालथं झोपलेलं असेल, किंवा काहीतरी असं दिसेल ज्याचा अर्थ आज लागणार नाही. तिच्या हातात पाकीट देण्याआधी त्याच्या पाठीवर, मराठीत, तेवढ्या ओळी लिहा.

आपली,
एक शिक्षिका
बार्शी, जि. सोलापूर